गोगलगायीचं प्लास्टर

“म्हणजे शेवटी फोडायचंच?” मामांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“हो रे मामा, फोडायचंच. फोडण्यासाठीच असतं ते.” भाचीचा एक डोळा मोबाइलवर होता आणि दुसरा गॅसवरच्या दुधावर. “झाडाला टांगायचं, मुलांनी एकेक करून काठीनं मारायचं, की फुटतं. आतून गोळ्या-चॉकलेटं पडतात. मुलं झडप घालतात. झालं.”

“आणि मग?”

“मग काय? झालं म्हटलं ना.”

“तसं नाही. त्या वस्तूचं नंतर काय करायचं?”

“केरात टाकायचं. आणखी काय करणार?”

एखादी वस्तू दोन-तीन दिवस खपून करायची, रंगवायची, आणि ती काठीनं बदडून केरात टाकायची, तीही वाढदिवसाच्या दिवशी, हे मामांच्या डोक्यात शिरत नव्हतं. ‘पिन्याटा’ हा शब्दही त्यांनी त्याच सकाळी पहिल्यांदा ऐकला होता. भाचीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक बाई हसत हसत फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवत होती. मामांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि पहिल्यापेक्षा जास्त गोंधळले.

मामा हे भाचीचे सख्खे मामा. पण सरकारी रुग्णालयात, हाडांच्या विभागात, ते सगळ्यांचेच मामा होते. प्लास्टरच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली. डॉक्टरांनी मोडलेलं हाड जागेवर बसवायचं आणि पुढचं सगळं मामांनी निस्तरायचं, अशी तिथली वाटणी. पेशंट त्यांना प्लास्टरमामा म्हणत. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. बहीण गेल्यावर भाचीचं घर हेच त्यांचं घर, म्हणजे राहायला नाही, पण जायला-यायला. गेल्या महिन्यात निवृत्त झाले, तेव्हापासून सकाळी उठल्यावर हातांचं काय करायचं हा त्यांच्यापुढचा मोठाच प्रश्न होता. भाचीनं तो आपल्या परीनं सोडवला होता.

“तुला पट्ट्या गुंडाळायची सवय आहे म्हणून करायला सांगतेय,” ती म्हणाली. “बाजारात तयार पिन्याटा मिळतात, पण घोडा नाहीतर चांदणी, एवढंच. आपली पार्टी गोष्टीच्या पुस्तकांची आहे. प्रत्येक मूल गोष्टीतलं कुणीतरी बनून येणार. आणि ठमीला हवीय तिच्या पुस्तकातली गोगलगाय.”

ठमी म्हणजे भाचीची मुलगी. तिचाच वाढदिवस. नाव निघालं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उगवली. मामा दिसताच तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी राहिली.

“ठमाबाई, काय म्हणता?” मामांनी विचारलं.

ठमी आली तशी सरकत सरकत गेली.

मामांनी भाचीकडे पाहिलं. भाचीनं दुधाकडे पाहिलं.

हे असं गेले काही महिने चाललं होतं. त्याआधी हीच ठमी मामांच्या खांद्यावरून उतरत नसे. घसरगुंडीवरून पडून तिचा डावा हात मोडला, तेव्हा मामांनी स्वतः तिला प्लास्टर घातलं. वर निळ्या पेननं मनगटावर एक घड्याळही काढून दिलं. ते मिरवत ती शाळेत जायची. “माझ्या मामाआजोबांनी केलंय,” असं बाईंना, मुलांना, रिक्षावाल्याला, ज्याला त्याला सांगायची. मग ते काढायचा दिवस आला.

प्लास्टर कापायचं यंत्र दिसायला करवतीसारखं असतं, पण त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं, मऊ कातडीला काही करत नाही. मामा दर वेळी ते आधी आपल्या तळहातावर लावून दाखवत. ठमीलाही दाखवलं. पण यंत्र घर्र करून सुरू झालं आणि ठमीनं जी किंकाळी फोडली ती थांबेचना. मग वॉर्डातल्या मावशींनी खांदे धरले, वॉर्डबॉयनं कोपर दाबून धरलं आणि मामांनी कापलं. चटकन झालं. हातावर ओरखडासुद्धा नव्हता.

त्या दिवसापासून ठमी मामांजवळ येत नव्हती, आणि ते आले की तिचे हात पाठीमागे जात होते.

मामांना हे कोडं सुटत नव्हतं. ओरखडा नाही, रक्त नाही, हात सरळ जुळलेला, मग बिघडलं कुठं? आजवर त्यांनी हजारो मुलांची प्लास्टरं कापली होती. मुलं आत रडत आणि दारातून जाताना टाटा करत. आता त्या मुलांचं पुढं काय होत असे, हे काही मामांना माहीत नव्हतं, कारण ती परत भेटत नसत. ठमी मात्र दर रविवारी भेटत होती.

“मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, हे मामाआजोबांनी केलंय म्हणून,” भाची दूध उतरवत म्हणाली. मग आवाज खाली आणून बोलली, “आतून खाऊ पडू दे. धावत येईल बघ तुझ्याकडे. पोरंच ती. विसरतात.”

हे वाक्य मामांनी उचललं आणि बरोबर घरी नेलं. बाकीच्या सगळ्या सूचना त्यांच्या दृष्टीनं किरकोळ होत्या.

मामांची खोली एकच, पण लख्ख. टेबलावर त्यांनी फुगा, वर्तमानपत्रं, पिठाची खळ आणि ठमीचं पुस्तक मांडलं. पुस्तक त्यांनी मुद्दाम मागून आणलं होतं. डॉक्टरांचा कागद वाचल्याशिवाय ते कुणाला पट्टी गुंडाळत नसत, मग गोगलगायीला तरी कशी गुंडाळणार? चष्मा लावून त्यांनी गोष्ट वाचून काढली. एक गोगलगाय असते. कुणाचं काही हरवलं की ते तिच्या कवचात सापडतं. मग एकेक प्राणी येतो, तिच्यासमोर बसतो, आपलं काय हरवलं ते सांगतो, आणि ती ते काढून देते. शेवटी एक लाल भूछत्र येतं. त्याचं काहीच हरवलेलं नसतं, ते नुसतंच बसायला आलेलं असतं. गोष्ट संपते.

मामांनी पानं मागं-पुढं करून पाहिली. मग फोन लावला.

“अगं, ह्या गोष्टीत तर गोगलगायीला कुणी फोडत नाही.”

“म्हणजे?” भाची ऑफिसात होती.

“समोर बसून सांगितलं की ती आपण होऊनच देते. काठीबिठी कुठं नाही. चित्रातही नाही.”

“मामा, गोष्ट वेगळी आणि पार्टी वेगळी.”

“पण मग गोगलगायच का?”

“कारण ठमीला आवडते!”

“आवडते म्हणून फोडायची?”

पलीकडून एक उसासा आला. “तीन थर दे कागदाचे. तीनच. मी मीटिंगमध्ये आहे,” असं म्हणून भाचीनं फोन ठेवला.

मामांनी तीन थर दिले. अगदी व्हिडिओतल्या बाईसारखे दिले, फक्त त्यांच्या पट्ट्या एकाच रुंदीच्या होत्या आणि प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीवर बरोबर अर्धी चढलेली होती. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर फुगा फोडून काढला, कवच हातात घेतलं आणि तळव्यानं जरासं दाबलं. ते आत गेलं.

“सॉरी हं,” मामांच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात शेजारचे टपालकाका चहाला आले. हे पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले, मामांच्या आधी पाच-सहा वर्षं. रिकामेपणात ते आता चांगले मुरले होते. खुर्चीत बसून त्यांनी आपलं वर्तमानपत्र शोधलं, ते गोगलगायीच्या अंगावर सापडलं.

“वाचून तरी घ्यायचं होतं,” ते म्हणाले.

“काका, मला एक सांगा. ही दाबली की आत जाते.”

“बरंच आहे की. फोडायचीय ना?”

“फोडायचीय. पण टांगेपर्यंत टिकायला नको? भाचीनं हा एवढा खाऊ दिलाय. दोरी बांधून उचलली तर कागद फाटतो.”

“मग घाल आणखी एखादा थर. पण कच्चं ठेव.”

“कच्चं म्हणजे किती कच्चं?”

“ते मला काय विचारतोस? मी जन्मभर पाकिटं पोचवली. फोडली ती लोकांनी.”

मामा हसले, पण प्रश्न तसाच राहिला. पक्कं कसं करायचं हे त्यांना विचारलं असतं, तर झोपेतही सांगितलं असतं. कापसाचा थर कुठं जाड, कुठं पातळ. पट्टी पाण्यात किती वेळ धरायची, तर बुडबुडे थांबेपर्यंत. गुळगुळीत करायचं ते तळव्यानं, बोटांनी नाही, कारण बोटाचा खड्डा आतल्या कातडीला टोचतो आणि पेशंट रात्रभर तळमळतो. पण कच्चं काम नीट कसं करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

कपाटात प्लास्टरच्या पट्ट्यांचे रोल होते. मुदत संपल्यामुळे रुग्णालयाला नको झालेले, स्टोअरवाल्यानं निरोपाच्या दिवशी थट्टेनं हातात ठेवलेले. मामांनी कवचाला कागदाची मान जोडली, आत खाऊ भरला आणि त्यातला एक रोल काढला. फक्त दोरीच्या हुकापाशी लावायचा, कागद फाटू नये एवढ्यापुरता, असं त्यांनी टपालकाकांना मोठ्यांदा सांगितलं. खरं म्हणजे ते स्वतःलाच सांगत होते.

कोमट पाण्यात रोल बुडवला, बुडबुडे थांबले, दोन्ही टोकं धरून हलकेच पिळला. ओल्या प्लास्टरचा तो वास नाकात गेला, आणि पुढं काय झालं हे मामांनाही नीट सांगता आलं नसतं. हुकापासून एक वेढा पाठीवर गेला. पाठीवर गेला म्हणून एक पोटाखालून घ्यावा लागला. दुसरा रोल निघाला. मान आणि कवच जिथं जुळतं ती जागा नाजूक, कोपरासारखी, म्हणून तिथं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे घेतले. हात चालत होते. महिनाभर जे हात खिडकीच्या गजांवरची धूळ पुसत बसले होते, ते आता विचारत नव्हते, नुसते चालत होते. मामांना फार बरं वाटत होतं. काकांचा चहा निवून गेला.

“हे जरा जास्त होत नाहीये ना?” काकांनी विचारलं.

“छे हो. पोरं आठवड्यात मोडून आणतात प्लास्टर. उड्या मारतात, पाण्यात घालतात. ह्याला तर काठीच बसणार आहे.”

हे खोटं नव्हतं. मोडून परत येणारी प्लास्टरं दुसऱ्या कुणीतरी घातलेली असत, एवढाच बारकावा त्या वेळी मामांच्या लक्षात आला नाही.

पुढं त्यांनी गोगलगाय रंगवली. कवचावर नारिंगी भोवरा, तारेची दोन शिंगं, त्यांच्या टोकांवर डोळे. डोळे जमले. जरा जास्तच जमले. गोगलगाय पाहणाऱ्याकडे अशी पाहायची, की तुमचं काय हरवलंय, असं विचारतेय की काय वाटावं. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

“ही फोडायला कशाला देतोस? मला दे. दारात ठेवतो.”

“नको. ठमीची आहे,” मामा म्हणाले.

पार्टी भाचीच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत होती. एक राजा आला होता, दोन चेटकिणी, एक कोल्हा, एक समुद्री चाचा. एक मुलगा साध्या पांढऱ्या सदऱ्यात आला होता. तो भूत होता म्हणे, पण कुणी घाबरत नव्हतं म्हणून रुसून बसला होता. ठमी लाल टोपी घालून भूछत्र झाली होती. झाडाच्या फांदीवर गोगलगाय टांगली, तेव्हा सगळ्या आया मोबाइल काढून पुढं आल्या.

“कुठून मागवलीत हो?” एकीनं विचारलं.

“माझ्या मामानं केलीय. ठमीच्या मामाआजोबांनी!” भाचीनं कबूल केल्याप्रमाणे मोठ्यांदा सांगितलं.

ठमीनं वर गोगलगायीकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं. डावा हात पाठीमागेच होता, पण उजवा नव्हता. उजव्या हातानं तिनं टोपी धरली होती. मामांना एवढंही पुष्कळ वाटलं.

पहिला मान ठमीचा. तिच्या हातात काठी दिली.

“हिला का मारायचं?” तिनं विचारलं.

“अगं, आत खाऊ आहे,” भाची म्हणाली.

“मग मागू या ना. गोष्टीत मागतात.”

“ठमे, सगळे थांबलेत. मार पटकन.”

ठमीनं काठीचं टोक गोगलगायीला जेमतेम लावलं, जणू दार वाजवलं, आणि काठी खाली टाकून दिली. मामांना उगाचच वाटलं, की ह्या सगळ्या गर्दीत आपल्यासारखाच गोंधळलेला एक माणूस आहे, आणि तो एवढासा आहे.

मग राजानं मारलं. टक् असा आवाज झाला. कोल्ह्यानं मारलं. टक्. भोवऱ्याचा जरासा रंग उडाला, बाकी काही नाही. हा आवाज मामांच्या ओळखीचा होता. प्लास्टर आतपर्यंत वाळून एकजीव झालं की बोटाची टिचकी मारल्यावर असं वाजतं. ह्या आवाजाचा त्यांना जन्मभर अभिमान वाटत आला होता. आज तो ऐकून कुठं तोंड लपवावं असं झालं.

समुद्री चाच्यानं दात-ओठ खाऊन काठी हाणली, तेव्हा काठी मोडली.

आधी हशा झाला. मग ठमीचे बाबा बाह्या सावरत पुढं आले. जावई माणूस साधा, पण चारचौघांत काही फुटत नसलं की कुणालाही जोर चढतो. ते बॅट घेऊन आले आणि दोन्ही हातांनी घुमवली. गोगलगाय गर्रकन फिरली आणि परत जागेवर येऊन त्यांच्याकडे पाहू लागली. बाबा मनगट चोळत बसले.

“मामा, पट्ट्या काढून ठेवा. जावयाला लागणार,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आत सिमेंट भरलंय का हो?”

“मामा, अहो, किती थर दिलेत?” जावयांनी हसत विचारलं, पण हसणं ओढूनताणून होतं.

“दोरीनं कागद फाटत होता,” मामा म्हणाले. ते खरं होतं, पण उत्तर नव्हतं.

मुलांचा धीर सुटत चालला. धाकट्या चेटकिणीनं भोकाड पसरलं. भाचीचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात तळमजल्यावरचे शेजारी, ज्यांच्याकडे फरशा बसवायचं काम चाललं होतं, धावत गेले आणि फरशी कापायचं यंत्र घेऊन आले. खिडकीतून वायर ओढली. “एका मिनिटात उघडतो,” ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

घर्र.

ठमीची किंकाळी यंत्राच्या वर गेली. टोपी पडली. डावा हात पोटाशी दाबून ती केकच्या टेबलाखाली शिरली आणि तिथं ओरडत राहिली. “अगं, गोगलगायीला दुखत नाही गं, पुठ्ठ्याची आहे ती,” असं बायका वाकून तिला समजावू लागल्या.

“बंद करा!” मामा ओरडले.

मामांचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. शेजारी इतके दचकले, की यंत्र बंद करून त्यांनी ते पाठीमागे लपवलं. मामांनी खुर्चीवर चढून दोरी सोडली आणि गोगलगाय कडेवर घेतली. खाऊनं भरलेली, चांगलीच जड होती.

“मला एक टब द्या. आणि कोमट पाणी.”

“मामा, काय करतोयस?” भाचीनं दात आवळून विचारलं.

“भिजवून सोडवतो. तान्ह्या बाळांचं असंच काढतात. कापत नाहीत.”

“किती वेळ लागेल?”

“तासभर.”

“तासभर?” भाचीनं मुलांकडे पाहिलं, आयांकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं. “मी तुला एवढंच सांगितलं होतं रे. तीन थर.”

“हो,” मामा म्हणाले.

“एक दिवस तरी सोपं करायचं होतंस.”

भाचीला लगेच वाईट वाटलं असावं, कारण टब तिनंच आणून दिला, पाणीही तिनंच आणलं. पण मुलं काही तासभर थांबणारी नव्हती. केक घाईघाईनं कापला. फुंकर मारण्यापुरती ठमी टेबलाखालून निघाली आणि पुन्हा आत गेली. सगळ्यांना वर घरात नेलं. कपाटातले बिस्किटांचे पुडे फोडून एकेकाच्या हातात दिले. जिन्यावरून पावलं आणि आवाज वर वर जात राहिले, मग दार लागलं.

मामा खालच्या पायरीवर टब घेऊन बसले. गोगलगाय पाण्यात आडवी पडली होती. नारिंगी भोवरा विरघळून पाणी रंगीत झालं. एक शिंग निघून तरंगू लागलं. आतल्या गोळ्या एव्हाना भिजल्याच असणार. हे सगळं करून काय मिळालं, हा हिशेब मामांना लागत नव्हता. पोरगी धावत येणार होती. ती टेबलाखाली जाऊन बसली. चांगलं करायला जावं तर हे असं का होतं, आणि नेमकं कुठल्या वेढ्याला चुकलं, हे त्यांना कळत नव्हतं. मान खाली घालून ते ओल्या कवचावर बोटं फिरवत राहिले. पट्टीचं शेवटचं टोक त्यांनीच इतकं बेमालूम बसवलं होतं, की आता त्यांनाच सापडत नव्हतं.

“तिला दुखतंय?”

मामांनी वर पाहिलं. ठमी समोर उभी होती. टबापासून लांब, दोन्ही हात पाठीमागे.

“नाही,” मामा म्हणाले.

“तू कापणार आहेस?”

“नाही. भिजलं की मऊ होतं. टोक सापडलं की नुसतं उलगडायचं. जसं घातलं तसंच उलट.”

“घर्र नाही?”

“घर्र नाही.”

ठमी जरा पुढं आली आणि खाली बसली. ती पाण्यात पाहत होती. मामा श्वाससुद्धा जपून घेत होते.

“मग माझं असं का नाही काढलंस?”

मामांचे हात थांबले. उत्तरं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती. मोठ्या मुलांचं यंत्रानंच काढतात. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. त्या खोलीत टब नव्हता. पण त्यातलं एकही उत्तर तिच्या तोंडाकडे पाहून बाहेर येईना.

“वेळ लागतो गं,” ते शेवटी म्हणाले.

“मी बसले असते.”

“बाहेर रांग होती, ठमे. पुष्कळ लोक होते. कुणाचा पाय, कुणाचा हात. सगळे थांबले होते.”

ठमीनं विचार केला. तिला ते पटलं नव्हतं, पण ती रागावलेलीही दिसत नव्हती. तिला फक्त समजत नव्हतं.

“पण मी तर आत होते,” ती म्हणाली.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर कुणी त्यांना हे सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. ओरखडा नाही ना, एवढंच ते पाहत आले होते.

“हो,” ते म्हणाले. “तू आत होतीस. चुकलं माझं.”

ठमीनं मान वळवून मागं पाहिलं. रिकाम्या खुर्च्या वेड्यावाकड्या पडल्या होत्या. राजाचा पुठ्ठ्याचा मुकुट कुणाच्या तरी पायाखाली येऊन चपटा झाला होता. वरून कसलं तरी गाणं ऐकू येत होतं. मागं कुणीच नव्हतं.

“आता रांग नाहीये,” ती म्हणाली. “हळू काढ.”

मामांनी मान हलवली. पाण्याखाली त्यांच्या अंगठ्याला पट्टीचं टोक लागलं होतं. त्यांनी ते लगेच ओढलं नाही.